वहिवाट

सुलक्षा झर्मेकर आली तेव्हा मी सुपारी सोलत होतो.
हातात तीस मीटरची टेप, खांद्यावर लाल फितीचं भेंडोळं,
आणि पहिलाच प्रश्न: काका, खालच्या कुंपणाला तारा किती?
पाच, म्हटलं. काटेरी.
बापाने एकोणनव्वद साली ठोकलेल्या, केळी वाचवायला.

खालच्या दोन काढा, ती म्हणाली,
चहात साखर कमी घाला म्हणावं, तशी.

मग ओसरीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या.
वर म्हादईचं रान. ओढ्यापलीकडे पुन्हा रान.
आणि मधोमध, दारात आडवी बसलेल्या म्हशीसारखं,
आमचं कुळागर.

गवे इथूनच जायचे, ती सांगू लागली.
मला सांगत होती! सत्तरीत जन्मलेल्या माणसाला!
आजोबा ओढ्याकाठची ती पट्टी मोकळी सोडत.
कुदळ नाही, केळ नाही, गुरंही बांधायची नाहीत.
राखणदाराची वाट, म्हणायचे. काठी टेकत जातो रात्री.
वर्षाला एक रोट, एक विडी.
बापाला काठी ऐकू आली नाही,
त्याला केळीचा भाव ऐकू यायचा.
मग गवे भातात, गवे शाळेमागे, गवे डांबरी रस्त्यावर,
आणि एक पाडस आमच्याच तारेत.
सोडवताना बापाचा तळहात फाटला.
त्याबद्दल तो कधी बोलला नाही. तारही काढली नाही.

खांब आम्ही देऊ, सुलक्षा म्हणाली,
सुपारीच्या बाजूला सौर तार देऊ, दोन दिवसांचे मजूर देऊ.
जागा तुम्ही द्या.
द्या म्हणजे देऊ नका. नावावर तुमच्याच.
नुसती अडवू नका.

धाकटा उल्हास हसला: मग लाव गव्याचं नाव
एक-चौदाच्या उताऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात.
मी म्हटलं, तू वाळपईच्या वकिलाकडे जातोस ना दर सोमवारी,
विचार त्याला: वीस वर्षं कुणी उघड, बिनतक्रार
एकाच वाटेने चालत गेला, तर त्याला काय म्हणतात?
उल्हास पान लावायला आत गेला.

पण खाली बार्रेटोंची काजू, आणि तिला चिऱ्याची भिंत.
आमची वाट तिथे जाऊन नाक घासणार.
वारसदार अकरा: तीन मडगावात, पाच स्विंडनला,
एक जहाजावर, एक फिलोमेना,
आणि एक कुठे आहे ते त्या घरात विचारायचं नसतं.
रेंज फक्त आमच्या टाकीवर मिळते.
सुलक्षा रात्री बाराला टाकीवर, डासांची अगरबत्ती लावून,
जहाजाशी बोलायची.
स्विंडनच्या ऑर्लांदोने विचारलं, जमिनीचा भाव पडेल का?
ती म्हणाली, खरं सांगू? मला माहीत नाही.
त्या उत्तरावर त्याने सही पाठवली.
फिलोमेनाने नाही. अजूनही नाही.
म्हणून भगदाड सात मीटरचं. हवं होतं पंधराचं.

कॅमेऱ्यात पहिला आला उल्हास:
लुंगी, टॉर्च, फुकटचे खांब मोजताना.
मग बार्रेटोंचं मांजर. मग साळिंदर, पाठमोरं, घाईत.
भेकर एकदा, कान फक्त.
आणि मार्चमध्ये, बोंडं कुजल्याचा वास सुटलेला असताना,
रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
एक पाय. गुडघ्यापर्यंत पांढरा मोजा.
बाकीचा गवा चौकटीत मावला नव्हता.

सहा केळी गेल्या. सौर तारेच्या अलीकडच्या, चूक माझीच.
सुलक्षाने भरपाईचा अर्ज पुढ्यात ठेवला.
नाव लिहिलं. सर्व्हे नंबर लिहिला.
नुकसानीचं कारण, असा रकाना होता.
मी लिहिलं: वहिवाट.

तिने वाचलं, थांबली,
मग खोडून वर गवा असं लिहिलं.
तसं लिहिलं तरच पैसे येतात, म्हणाली.

आले नाहीत अजून.